ताओवादी अंतर्साधना आणि ध्यान : नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

विपश्यनेचं शिबिर करून आलेले, योगवर्गाला जाणारे, यूट्यूबवर ताई ची बघून कुतूहल चाळवलेले असे बरेच जण ताओवादी, म्हणजे चीनमधल्या ताओ परंपरेतल्या, साधनेबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मी कुठल्याही पंथाची दीक्षा घेतलेली नाही. वाचते, रोज सकाळी थोडा वेळ उभी राहते, थोडा वेळ बसते, आणि जे पटत नाही ते पटत नाही म्हणून सांगते.

ताओवादी अंतर्साधना म्हणजे नेमकी कोणती?

अशी एकच एक साधना नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. काहीही न करता शांत बसायचं, याला त्सुओवांग म्हणतात, म्हणजे बसून विसरणं. श्वासाबरोबर शरीर ताणायचं, वळवायचं, ते दाओयिन. एका जागी स्तब्ध उभं राहायचं ते चान च्वांग. चौथ्या शतकात माओशान डोंगराच्या परिसरात शांगछिंग पंथ पुढे आला. त्यात शरीराच्या आत देवता, प्रकाश, सूर्यचंद्र पाहण्याची चित्रमय ध्यानं होती. आणि दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास नेइदान, म्हणजे आंतरिक किमया, पूर्ण आकाराला आली. तिच्यात शरीर हीच भट्टी मानून श्वास, लक्ष आणि जीवनशक्ती ‘शिजवून’ अमृतगोळी तयार करायची असते.

या सगळ्यांची भाषा एकमेकींत मिसळलेली आहे, पण कृती वेगळ्या आहेत. कोणी ‘मी ताओइस्ट मेडिटेशन करतो’ म्हणालं, तर त्यातलं कोणतं हे विचारून घ्यावं. बहुतेकदा उत्तर ‘एका ॲपवरचं’ असं येतं.

हे लाओत्सेनेच शिकवलं का?

ताओवादाचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या लाओत्सेच्या नावावर असलेल्या ग्रंथात ८१ प्रकरणं आहेत, पण त्यात आसन, श्वास, वेळ असं काही सांगितलेलं नाही. दहाव्या प्रकरणात एवढंच विचारलंय की ची, म्हणजे श्वासाशी निगडित जीवनशक्ती, एकवटून तान्ह्या बाळासारखं मऊ होता येईल का. साधनेचं जास्त स्पष्ट वर्णन ‘नेइये’ या छोट्या रचनेत सापडतं. ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या आसपासची मानतात. शरीर सरळ ठेव, मन स्थिर कर, म्हणजे जीवनसत्त्व आपण होऊन वस्तीला येईल, असा तिचा सूर आहे.

मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो मात्र चित्रांचा. १९७३ मध्ये हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगदुई इथे एक थडगं उघडलं. ते इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं होतं. त्यात रेशमाच्या तुकड्यांवर रंगवलेलं दाओयिनचं चित्र निघालं : चार रांगा, एकूण ४४ आकृत्या. पुरुष आहेत, बायका आहेत, म्हातारे-तरुण आहेत, काही अंगभर कपड्यांत, काही कमरेपर्यंत उघडे. एक जण लांब काठी धरून वाकलाय. काही आकृत्यांशेजारी बारीक अक्षरांत कुठे अस्वलाचं नाव, कुठे करकोच्याचं, तर कुठे चक्क गुडघेदुखी आणि बहिरेपण. बावीसशे वर्षांपूर्वीही लोक या दारात गुडघ्याची तक्रार घेऊनच येत होते म्हणायचं.

जिंग, ची, शेन हे तीन शब्द सगळीकडे येतात. ते काय आहेत?

यांना तीन रत्नं म्हणतात. जिंग म्हणजे शरीराची मूळ पुंजी. ती काही अंशी आईवडिलांकडून आलेली आणि काही अंशी खाण्यापिण्यातून भरून निघणारी. चिनी वैद्यक तिचा संबंध मूत्रपिंडाशी आणि प्रजननशक्तीशी जोडतं. ची म्हणजे श्वासाशी निगडित चलनवलन. शेन म्हणजे जाणीव, चित्ताचं तेज. नेइदानचं सूत्र या तिघांवरच उभं आहे : जिंगची ची करायची, चीचं शेन करायचं आणि शेन शून्यात परत न्यायचं.

जागाही तीन, त्यांना दान्त्येन म्हणतात. एक बेंबीखाली पोटात आत, दुसरी छातीत, तिसरी डोक्यात भुवयांच्या मागे. नवख्याने पहिल्या जागेपलीकडे जायचं कारण नाही. डोक्यात लक्ष कोंडून बसलेल्या माणसाला झोप लागत नाही, हे जुने शिक्षकही सांगतात आणि त्यासाठी कुठल्याही तत्त्वज्ञानाची गरज नाही.

ची खरोखर असते का?

तळहात गरम होणं, बोटांत मुंग्या, पोटात ऊब, आपोआप डोलणं : या संवेदना येतात, त्याबद्दल वाद नाही. श्वास संथ झाला, स्नायू सैलावले, हाताकडे रक्त जास्त गेलं आणि लक्ष तिथेच खिळलं की त्या येतातच. त्यामागे शरीरशास्त्राला अज्ञात असा एखादा प्रवाह आहे, हे कुठल्या उपकरणाने दाखवलेलं नाही. मी ‘ची’ हा शब्द वापरते तो साधकाच्या अनुभवाचं नाव म्हणून. त्याने साधनेचं काही अडत नाही.

अडतं ते दावे वाढले की. १९८० च्या दशकात चीनमध्ये चिगोंगची, म्हणजे श्वास, हालचाल आणि लक्ष यांच्या व्यायामांची, लाटच आली होती. मैदानं भरत, ‘गुरू’ दुरून ची सोडून रोग बरे करत असल्याचं सांगत. विश्वातली ची झेलायला डोक्यावर पातेली पालथी घालून बसलेल्या माणसांची छायाचित्रं आजही बघायला मिळतात. १९९९ मध्ये फालुन गोंग या चिगोंगमधूनच निघालेल्या पंथावर बंदी आली आणि मोठ्या चिगोंग संघटनांचा तो काळ संपला. पुढे सरकारी क्रीडायंत्रणेने चार जुने प्रकार प्रमाणित करून २००३ मध्ये प्रसिद्ध केले : बादुआनजिन, वूछिन्शी, यीजिनजिंग आणि ल्यूत्सज्वे. आज बागेत किंवा व्हिडिओत जे दिसतं त्यातलं बरंचसं यातलंच असतं.

म्हणजे चिगोंग आणि ताओवाद एकच नव्हे?

नव्हे. चिगोंग हे नाव आजच्या अर्थाने १९५० च्या दशकात रुळलं. हबेई प्रांतातल्या ल्यू क्वेईचन या कार्यकर्त्याने आपला आजार बरा झाल्यावर ही तंत्रं सरकारी आरोग्यगृहांत नेली, बैदाइहमधलं त्यातलं सर्वांत नावाजलेलं. धर्म, देव, गुरुपरंपरा बाजूला ठेवून फक्त तंत्र उचललं गेलं. त्यात ताओवादी, बौद्ध, वैद्यकीय, कुस्त्या-मारामारीचं असं सगळंच आलं.

ताई चीचंही थोडं असंच आहे. वूदांग डोंगरावरच्या चांग सानफेंग या ताओवादी सिद्धाने ती शोधली ही कथा सुरस आहे, पण कागदोपत्री माग लागतो तो हनान प्रांतातल्या चेन गावापर्यंत, सतराव्या शतकात. बागेत दिसणारा २४ मुद्रांचा सोपा संच तर १९५६ चा आहे. म्हणून तो वाईट ठरत नाही. फक्त कोणी ‘हजारो वर्षांचं गुप्त ज्ञान’ म्हणून त्याचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

सुरुवात कशाने करू?

उभं राहण्याने. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला चक्रं, प्रदक्षिणा, प्रकाश असं काहीतरी हवं असतं. तरीही माझं उत्तर बदलत नाही.

पावलं खांद्याइतक्या अंतरावर, एकमेकांना समांतर. भार तळव्याच्या मधोमध, किंचित टाचेकडे. गुडघे फक्त कुलूप उघडल्याइतके सैल, बोटांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. माकडहाड आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचं, मुद्दाम आत ओढायचं नाही. पोट सैल. आपल्याकडे लहानपणापासून ‘पोट आत, छाती पुढे’ शिकवलेलं असतं, ते इथे सोडून द्यावं लागतं आणि पुष्कळांना तेच सर्वांत अवघड जातं. हात छातीपेक्षा थोडे खाली, झाडाचा बुंधा कवेत घेतल्यासारखे. कोपर खांद्याखाली, काखेत थोडी मोकळी जागा, बोटं सुटी. हनुवटी किंचित आत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेलं. डोळे अर्धवट उघडे.

मग काही करायचं नाही. पहिली दोन मिनिटं काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे पेटतात. मांड्या थरथरतात, आधी एक, मग दुसरी. त्याच सुमाराला दूध उतू जातंय का, फोन वाजला का, आज कचऱ्याची गाडी लवकर आली का, असं मनाला सुचायला लागतं. खांदे पेटले की नवखा माणूस ते आणखी वर उचलतो, दात आवळतो आणि तग धरतो. तग धरायचा नाही. जिथे जळतंय तिथे नेमकं किती धरून ठेवलंय ते बघायचं आणि तेवढं सोडायचं, हात खाली न आणता. ते जमलं नाही तर हात चार बोटं खाली आणायचे. कुठे सोडता येतं आणि कुठे नाही, हे शरीर स्वतः दाखवतं, आणि यापेक्षा चांगला धडा मला कुठल्याही पोथीत मिळाला नाही.

पाच मिनिटं पुरे. आठवड्यांनी वाढवत पंधरा-वीसपर्यंत न्यावं, त्यापुढे शिक्षकाशिवाय नको. संपताना तळहात बेंबीखाली ठेवून थोडं थांबायचं आणि खोलीत दोन फेऱ्या मारायच्या. उभं राहणं मुख्य साधना म्हणून विसाव्या शतकात पुढे आणलं ते मुष्टियोद्धा वांग श्यांगचाय (१८८५–१९६३) याने. त्याने ठरीव मुद्रांचे संच टाकून दिले आणि शिष्यांना तासन् तास उभं केलं.

श्वास कसा घ्यायचा? मोजायचा का? रोखायचा का?

जसा चाललाय तसा. पोट सैल झालं की श्वास आपोआप खाली उतरतो. कुंभक करायचं नाही. ‘उलटा श्वास’ म्हणून एक प्रकार आहे, ज्यात श्वास घेताना पोट आत जातं. तो पुढचा आहे. रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि बसून ध्यान?

त्सुओवांगचा, म्हणजे बसून विसरण्याचा, उगम च्वांगत्से या जुन्या ताओवादी विचारवंताच्या एका छोट्या संवादात आहे. यान ह्वेई हा शिष्य कन्फ्यूशियसकडे येतो आणि म्हणतो, माझी प्रगती होतेय. काय झालं? करुणा आणि नीती विसरलो. ठीक, पण पुरेसं नाही. पुन्हा येतो : विधी आणि संगीत विसरलो. तरी पुरेसं नाही. तिसऱ्यांदा येतो : मी बसतो आणि सगळंच विसरतो. हातपाय गळून जातात, ऐकणं-बघणं मावळतं, आकार आणि ज्ञान सुटतं, आणि जे सर्वत्र वाहतंय त्याच्याशी मी एक होतो. हे ऐकून कन्फ्यूशियस म्हणतो, मग आता मीच तुझा शिष्य होतो. विधी आणि नीतीसाठी आयुष्य वेचलेल्या गुरूच्याच तोंडी हे घालणं हा च्वांगत्सेचा खोडसाळपणा, आणि तो त्याच्या पानापानावर आहे.

याची पद्धतशीर मांडणी तांग राजवटीच्या काळात सिमा छेंगचेन (६४७–७३५) या ताओवादी गुरूने केली. त्याच्या सात पायऱ्या अशा : श्रद्धा, बंधनं तोडणं, मन आवरणं, व्याप कमी करणं, खरं पाहणं, गाढ स्थिरता, आणि ताओप्राप्ती. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या दोनांवर असतं. माझ्या मते खरी गोम चौथीत आहे. रात्री साडेबारापर्यंत ऑफिसचे मेसेज बघून पहाटे पाचला बसणाऱ्याला सहावी पायरी कोण देणार?

इगतपुरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. सिमा छेंगचेन थ्येनथाय डोंगरावर राहिला. तोच डोंगर बौद्ध थ्येनथाय पंथाचं केंद्र, जिथे शमथ (मन शांत करणं) आणि विपश्यनेची चिनी मांडणी झाली. दोन्हीकडचं पाणी एकमेकांत झिरपलंय. कृतीतला फरक एवढाच की आनापानात, म्हणजे श्वास पाहण्याच्या ध्यानात, लक्ष नाकपुड्यांपाशी असतं, इथे ते बेंबीखाली सोडून देतात, आणि तिथेही टक लावून बसत नाहीत. लक्ष भरकटलं की परत आणताना चरफड करायची नाही.

लहान प्रदक्षिणा शिकू का? सगळे तिच्याबद्दलच बोलतात.

लगेच नको. आधी ती काय आहे ते सांगते. पाठीच्या मध्यरेषेवरची दू वाहिनी आणि पुढच्या मध्यरेषेवरची रेन वाहिनी जोडून एक वर्तुळ कल्पायचं. माकडहाडापासून कण्यातून वर, माथ्यावरून पुढे, टाळू आणि जीभ या पुलावरून खाली, छातीतून पुन्हा पोटात. वाटेत पाठीवर तीन दरवाजे : माकडहाडापाशी, पाठीच्या मधोमध, आणि कवटीच्या मागे जिथे उशी टेकते तिथे.

बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात १८८६ मध्ये कोरलेली एक शिळा आहे, नेइजिंग थू नावाची. तिचा ठसा कुठे पाहायला मिळाला तर निवांत पाहा. पहिल्यांदा डोंगर, झरे, झाडं असा देखावा वाटतो. मग लक्षात येतं की हे बाजूने पाहिलेलं बसलेलं शरीर आहे. खाली एक मुलगा आणि मुलगी पायाने रहाट चालवून पाणी उलटं वर चढवताहेत. पोटाशी एक जण बैलाने जमीन नांगरतोय. मूत्रपिंडाच्या जागी विणकर मुलगी सूत काततेय. हृदयापाशी एक मूल ताऱ्यांची माळ धरून उभं आहे. घसा म्हणजे बारा मजली मनोरा. डोक्यात पांढऱ्या भुवयांचा म्हातारा बसलाय आणि खाली एक निळ्या डोळ्यांचा भिक्षू हात वर करून आभाळ पेलतोय. सगळी मेहनत खाली चाललीय, वरचा म्हातारा नुसता बसून आहे.

नेमकं हेच व्हिडिओंत हरवतं. लोक पहिल्या दिवशी कल्पनेने ‘ऊर्जा’ कण्यातून वर ढकलायला लागतात. जुन्या पोथ्यांत क्रम उलटा आहे : पोटात आधी काही साठलं, तर ते आपण होऊन सरकतं. साठलेलंच नसताना ढकललं तर उरते नुसती कल्पना आणि डोक्यातला ताण. वर्ष-दोन वर्षं उभं राहणं आणि बसणं नियमित झालं, आणि समोर जाणता शिक्षक असला, तर खुशाल शिका.

ही कुंडलिनीच ना? ज्ञानेश्वरीत आहे तीच?

मराठी माणूस हा प्रश्न विचारणारच, आणि तो रास्त आहे. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय काढून बघा. आसन, मूळबंध, अपानाचं उलटं वळणं, कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी वेटोळं घालून निजलेली शक्ती, तिचं जागं होणं आणि मग शरीराचं आतून नवं होणं. नेइदानच्या साधकाला यातलं निम्मं आपल्या घरचं वाटेल. टाळू आणि जिभेचं महत्त्व, वरून पाझरणारं अमृत, बिंदू (वीर्य) राखणं हे नाथ-हठ परंपरेत आणि चिनी आंतरिक किमयेत दोन्हीकडे आहे. अकराव्या शतकातला ‘अमृतसिद्धि’ हा हठयोगाचा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ मानतात, आणि त्याच्याशी असलेल्या चिनी साम्यांची अभ्यासकांनी दखल घेतली आहे. देवाणघेवाणही जुनी आहे : ६४७ च्या सुमारास तांग सम्राटाने ह्युएन त्संगला लाओत्सेच्या ग्रंथाचं संस्कृत भाषांतर करायला सांगितलं होतं, कामरूपच्या (आजच्या आसामातल्या) राजासाठी.

तरी दोन्ही एकच म्हणायची घाई करू नये. कुंडलिनीची वाट मुळातून सहस्रारापर्यंत, तिथे लय. इथे वर्तुळ आहे, वर गेलेलं खाली पोटात परत आलंच पाहिजे. आणि नेइदानच्या प्रतिमेत पुढे पोटात एक पवित्र गर्भ धरतो, दहा महिने वाढतो, मग माथ्यातून बाहेर पडतो. ज्ञानदेवांकडे हे नाही. एका नकाशावर दुसरा ठेवून चालणाऱ्याला दोन्ही गावं सापडत नाहीत. आज एक, उद्या दुसरं असं मिसळून करण्यापेक्षा निदान वर्षभर एकच धरावं.

अमरत्व मिळतं का?

छिउ छुजी (११४८–१२२७) हा छ्वानचेन या ताओवादी पंथाचा गुरू सत्तरी ओलांडल्यावर चंगेझ खानाच्या बोलावण्यावरून निघाला आणि १२२२ मध्ये हिंदुकुशापाशी त्याच्या छावणीत पोचला. खानाने पहिलाच प्रश्न टाकला : दीर्घायुष्याचं कोणतं औषध आणलंस? छिउ म्हणाला, जीवन जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही. एवढा प्रवास करून, त्या माणसासमोर, हे उत्तर. वर त्याने खानाला विषयसुख आवरायचा आणि एकट्याने झोपायचा सल्लाही दिला. चंगेझ खान रागावला नाही. उलट पुढे त्याच्या पंथाला सवलती दिल्या.

पारा, हिंगूळ वगैरे?

तोंडात घालू नका. बाह्य किमयेत, वायदानमध्ये, हिंगूळ, पारा, शिसं तापवून गुटिका करत. गे होंगने (२८३–३४३) त्यांच्या कृती लिहून ठेवल्या, आणि तांग वंशातले एकाहून जास्त सम्राट अशा गुटिकांनी दगावले. नंतरच्या नेइदानने पारा, शिसं, भट्टी हे शब्द तेवढे ठेवले आणि पदार्थ सोडले. आपल्याकडे रसशास्त्राच्या नावाने काहीही विकलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लैंगिक ऊर्जा राखण्याच्या साधनांबद्दल काय?

त्या जुन्या आहेत, मावांगदुईच्या थडग्यातही त्यावरचे मजकूर निघाले. पण छ्वानचेन पंथाचे साधू ब्रह्मचारी, आणि कितीतरी ताओवादी लेखकांनी या वाटेवर सडकून टीका केली आहे. इंटरनेटवर मात्र सर्वांत जास्त खप हिचाच. दाब देऊन वीर्य अडवण्याचे प्रकार करून मूत्रमार्गाचे त्रास ओढवून घेऊ नयेत. याहून जास्त या विषयाला जागा द्यावी असं मला वाटत नाही.

बायकांची साधना वेगळी असते का?

न्यूदान नावाची वेगळी शाखा आहे. तिच्यातले बहुतेक ग्रंथ सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतले. सुन बु-अर (१११९–११८२) ही छ्वानचेन पंथाच्या संस्थापकाच्या सात मूळ शिष्यांतली एकमेव स्त्री. शान्तोंग प्रांतातली, संसारी, मुलंबाळं असलेली, पन्नाशीत घर सोडून साधनेला लागली. तिच्या नावावरच्या कविता मात्र पुष्कळ नंतरच्या असाव्यात.

न्यूदानमध्ये लक्ष पोटाऐवजी आधी छातीवर ठेवतात, आणि ‘लाल ड्रॅगनचा शिरच्छेद’ म्हणजे मासिक पाळी थांबवणं ही मोठी पायरी मानतात. यावर माझं मत स्पष्ट आहे. हे ग्रंथ प्रामुख्याने पुरुषांनी लिहिले किंवा संपादले, आणि पाळी थांबणं हे आजच्या बाईसाठी सिद्धीचं नव्हे, डॉक्टरकडे जाण्याचं लक्षण आहे. पाळीच्या दिवसांत उभं राहायचं की नाही, हे अंगाला विचारावं. रक्तस्राव जास्त असेल तर बसून करावं किंवा सुट्टी घ्यावी. गरोदरपणात पोटावर एकाग्रता आणि श्वास रोखणं दोन्ही नको.

यात धोका आहे का?

आहे. चिनी साधकांकडे त्यासाठी शब्दच आहे, त्सौ ह्वो रू मो : आग भलतीकडे गेली आणि भुतं शिरली. १९८० च्या लाटेत अशा रुग्णांची संख्या इतकी जाणवली की चिनी मनोविकारतज्ज्ञांनी त्याची नोंद घेतली आणि अमेरिकेतल्या १९९४ च्या मनोविकार-वर्गीकरणातही चिगोंगनंतरच्या मनोविकृत प्रतिक्रियेचा उल्लेख आला.

लक्षणं ठरलेली असतात. डोक्यात सतत दाब, झोप उडणं, छातीत धडधड, आपोआप होणाऱ्या हालचाली न थांबणं, आवाज ऐकू येणं, आपल्याला खास संदेश मिळतोय असं वाटणं. सुरुवातीची दोन-तीन दिसली की साधना पूर्ण बंद करायची. गरम जेवण, चालणं, घरकाम, माणसांत बसणं. लक्ष तळपायांकडे. ‘शुद्धीकरण चाललंय, सोसा’ असं सांगणाऱ्या शिक्षकाचं ऐकायचं नाही. आवाज किंवा संदेशांपर्यंत गोष्ट गेली तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे. आधीपासून सायकोसिस, बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असेल तर लांब बैठका आणि कल्पनाचित्रांची ध्यानं टाळावीत. बादुआनजिनसारखं हलकं, उभ्याने करायचं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगून. चालू गोळ्या तर अजिबात बंद करायच्या नाहीत.

गुरू लागतोच का? आणि कुठे मिळेल?

उभं राहणं, साधं बसणं आणि बादुआनजिनचे आठ प्रकार चांगल्या व्हिडिओवरून सुरू करता येतात. महिन्यातून एकदा कोणी जाणत्याने गुडघे-खांदे तपासले तर उत्तम. नेइदानसाठी मात्र माणूस लागतो. तिथले ग्रंथ मुद्दाम सांकेतिक आहेत : चांग बोदुआनच्या अकराव्या शतकातल्या पद्यांत वाघ, ड्रॅगन, शिसं, पारा यांची नुसती गर्दी आहे, आणि किल्ली तोंडी मिळेल असं गृहीत धरलंय.

मुंबई-पुण्यात ताई चीचे वर्ग आहेत, नेइदानचा जाणता शिक्षक दुर्मिळ. आपल्याकडे पुष्कळांनी ‘ताओ’ पहिल्यांदा ऐकला तो सत्तरच्या दशकातल्या ओशोंच्या मुंबई-पुण्यातल्या प्रवचनांतून. ती ऐकायला रसाळ आहेत, पण ते ओशोंचं भाष्य आहे, चिनी परंपरेतलं शिक्षण नव्हे. चीनमध्ये हूबेई प्रांतातल्या वूदांगच्या पायथ्याशी परदेशी विद्यार्थ्यांसाठी कितीतरी शाळा आहेत. तिथे कवायत भरपूर मिळते, आतलं शिकवणारा मिळाला तर नशीब.

शिक्षक पारखायचा तर तो झोपतो कसा, रागावतो कसा, पैशाबद्दल बोलतो कसा ते बघावं. औषधं सोडायला सांगणारा, वेगळं भेटायला बोलावणारा, स्पर्शाचं कारण न सांगणारा, पुढच्या ‘लेव्हल’चे दर आधीच छापणारा : यातलं एक जरी असलं तरी निघून यावं.

मी हिंदू आहे. देव बदलावे लागतील का?

नाही. पण ताओवाद हा जिवंत धर्मही आहे, हे विसरू नये. तीन शुद्ध देवता, मंदिरं, पुजारी, श्राद्धविधी, उत्सव सगळं आहे. चांग दाओलिंगने इ.स. १४२ मध्ये सिच्वान भागात सुरू केलेली स्वर्गीय गुरूंची परंपरा आजही चालू आहे. आपण त्यातलं एक तंत्र घेतोय, धर्म नाही, एवढं भान ठेवलं की पुरे.

रोज कधी आणि किती?

पोथ्यांत रात्री ११ ते १ हा त्सू प्रहर सांगितलाय. नोकरी करणाऱ्याने ते करू नये, झोप जास्त महत्त्वाची. सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी किंवा नंतर अर्ध्या तासाने. जेवणावर दोन तास नको. दहा मिनिटं उभं, दहा मिनिटं बसून, आठवड्यातून सहा दिवस. ताप असेल, रात्रभर जागरण झालं असेल तर सुट्टी.

मांडी घालता येत नाही, गुडघे दुखतात. मग?

खुर्चीवर बसा. चीनमध्ये पुष्कळ साधक बाकाच्या काठावरच बसतात. टेकून बसायचं नाही. बैठकीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसायचं, मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघे किंचित खाली, तळवे पूर्ण टेकलेले. उंची कमी-जास्त असेल तर बुडाखाली घडी केलेली सतरंजी किंवा पायाखाली पाट घ्या. तळहात मांडीवर पालथे. प्लास्टिकची खुर्ची मध्ये खोलगट असते, ती टाळा. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल सगळ्यांत बरं.